ब्राँझचा किमेरा: नक्कल कशी बनते आणि ती स्वतःचं वय कसं सांगून जाते

जून 2022 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या ईडन पार्कमधून ब्राँझची लांडगी चोरीला गेली. चोरांनी ती पायांपासून कापून नेली, खाली दूध पिणारी दोन बाळं तिथेच सोडली. हा रोमच्या प्रसिद्ध लांडगीचा, म्हणजे रोम वसवणाऱ्या जुळ्या भावांना दूध पाजणाऱ्या कथेतल्या लांडगीच्या पुतळ्याचा, 1931 साली भेट आलेला नमुना होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इटलीत सान काशानो देई बान्यी इथल्या गरम झऱ्यांच्या चिखलातून वीसहून अधिक एट्रुस्कन-रोमन ब्राँझ पुतळे निघाल्याची बातमी आली. एक नक्कल गेली, काही अस्सल पुतळे सापडले. पण दोन्ही बातम्यांतले फोटो शेजारी ठेवले तर सामान्य माणसाला फरक काय दिसतो? दोन्ही हिरवट, दोन्ही जुनाट. त्यात लिलावांच्या याद्यांमध्ये ‘प्राचीन मूळावरून’ अशी मोघम नोंद असलेले एट्रुस्कन सिंह, लांडग्या आणि किमेरा नेहमी दिसतात, त्यामुळे गोंधळ वाढतोच.

एट्रुस्कन प्राण्यांच्या नकला नेमक्या कशा बनतात हे कळलं, की त्या ओळखणंही बरंच सोपं होतं. म्हणून सुरुवात भट्टीपासून करू. त्याआधी प्राण्याची थोडी ओळख.

सिंह, बोकड आणि साप

एट्रुस्कन म्हणजे रोमन सत्तेच्या आधी मध्य इटलीत, आजच्या टस्कनी आणि आसपासच्या भागात राहणारे लोक. तांबं आणि लोखंड त्यांच्या डोंगरांत आणि एल्बा बेटावर होतं, त्यामुळे धातुकामात ते पटाईत होते.

किमेरा हा ग्रीक कथांतला राक्षसी प्राणी. धड सिंहाचं, पाठीतून वर आलेलं बोकडाचं डोकं आणि शेपटीच्या जागी साप. तोंडातून आग ओकणारा. पेगॅसस या पंखांच्या घोड्यावर बसून बेलेरोफॉनने त्याला मारलं. एका कथेप्रमाणे त्याने भाल्याच्या टोकाला शिसं लावलं होतं, ते किमेराच्या आगीने वितळून त्याच्याच घशात उतरलं. धातू ओतणाऱ्यांना ही कथा आवडावी अशीच आहे.

सर्वांत प्रसिद्ध किमेरा टस्कनीतल्या आरेत्सो गावात 15 नोव्हेंबर 1553 रोजी सापडला. सान लोरेन्तिनो वेशीजवळ, फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या तटबंदीचं खोदकाम चालू होतं. पुतळा साधारण इसवी सनापूर्वी 400 चा, लांबी 129 सेंटिमीटर, उंची 78.5. उजव्या पुढच्या पायावर ‘तिन्स्कविल’ अशी एट्रुस्कन अक्षरं आहेत, म्हणजे तिनिया या मुख्य देवाला वाहिलेली वस्तू. त्याच घराण्यातल्या ड्यूक कोसिमोने तो फ्लॉरेन्सला नेला. आज तो तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आरेत्सोकरांना रेल्वे स्टेशनासमोरच्या कारंज्यांवर आणि वेशीपाशी ब्राँझच्या नकलांवर समाधान मानावं लागतं.

नक्कल नेमकी कशाची?

1553 मध्ये पुतळा सापडला तेव्हा शेपटी धडाला नव्हती. आज दिसणारी शेपटी 1785 च्या दुरुस्तीतली आहे आणि तिचं श्रेय सहसा फ्रान्चेस्को कार्रादोरी या शिल्पकाराला दिलं जातं. या दुरुस्तीत साप वळून बोकडाच्या शिंगाला चावतो. बहुतेक अभ्यासकांना हे चुकीचं वाटतं. साप त्याच जनावराचा भाग आहे. तो स्वतःच्याच दुसऱ्या डोक्याला का चावेल? मूळ शेपटी शत्रूच्या दिशेने फणा काढून असावी.

तरीही आज विकत मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक किमेरात साप शिंगालाच चावतो. कारण उघड आहे. साचा घेतला त्या दिवशी मूळ वस्तू जशी होती तशीच नक्कल येते. म्हणजे ‘एट्रुस्कन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या किमेराच्या शेपटीत अठराव्या शतकातली एक शंकास्पद दुरुस्तीही तुमच्या घरी येते. उलट बाजूने पाहिलं तर ही सोय आहे. कोणी ‘मातीतून निघालेला अस्सल छोटा किमेरा’ दाखवला आणि त्याचा साप शिंगाला चावत असेल, तर तो 1785 नंतरचा आहे. प्रयोगशाळा नको, काही नको.

रोमच्या लांडगीचंही तसंच. खालची जुळी बाळं पंधराव्या शतकाच्या अखेरीस जोडली गेली. ती आंतोनिओ देल पोल्लाइउओलो या शिल्पकाराची मानली जातात. बुखारेस्टला 1906 मध्ये गेलेली लांडगी असो की अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या रोम गावाला 1929 मध्ये मिळालेली, त्या नकलांमध्ये रेनेसाँसची, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळातली, ही बाळं सोबत आहेतच.

मेण जातं, धातू येतो

पद्धतीचं नाव मेणओतीव. हीच पद्धत आपल्याकडे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त सांगितली आहे. एट्रुस्कन कारागीर हीच वापरत. आजची फाउंड्री, म्हणजे धातू ओतण्याचा कारखानाही हीच वापरतो, फक्त साहित्य बदललं आहे.

पहिला टप्पा साच्याचा. पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तीवर रबराचा साचा घेतात आणि तो वाकू नये म्हणून बाहेरून प्लास्टरचं कवच देतात, अगदी तसंच. फरक इतकाच की पेणला आत प्लास्टर किंवा माती भरून भरीव किंवा जाड मूर्ती काढतात. इथे सिलिकॉन रबराच्या साच्यात वितळलेलं मेण ब्रशने लावतात किंवा ओतून फिरवतात आणि उरलेलं परत काढून घेतात. आत 4 ते 6 मिलिमीटर जाडीचा मेणाचा पोकळ किमेरा तयार होतो. पुढे ब्राँझची जाडीही हीच राहणार, म्हणून इथे घाई चालत नाही. आयाळीच्या बटांच्या टोकांशी मेण पातळ राहतं आणि पंजांत साचून राहतं. दोन्ही ठिकाणी पुढे त्रास होतो.

मग मेणावर हात फिरवायचा. साच्याच्या जोडाची रेघ खरवडून काढायची, बुडबुडे भरायचे, आयाळीच्या खाचा गरम हत्याराने पुन्हा धारदार करायच्या. चांगली नक्कल आणि दुकानातली वस्तू यांच्यातला अर्धा फरक याच टेबलावर ठरतो. मूळ पुतळ्याच्या पायावरची अक्षरं ओतण्यापूर्वीच, मेणात कोरलेली आहेत. नकलेच्या साच्यात ती उतरतात, पण कडा बोथट होऊन. कारागिराने ती पुन्हा कोरली तर कडा तीक्ष्ण दिसतात, पण अक्षराचं वळण कारागिराचं होतं.

आता मेणाच्याच दांड्या जोडायच्या. धातू आत जाण्याची वाट म्हणजे रनर, हवा बाहेर जाण्याच्या बारीक वाटा, आणि जाड भागांना आकसताना धातू पुरवणारे रायझर. किमेराला हवेची वाट बोकडाच्या शिंगांना, कानांना आणि सापाच्या डोक्याला हवीच. वर निघालेलं प्रत्येक टोक हवा कोंडून ठेवतं.

पुढे दोन रस्ते. जुना म्हणजे पोकळीत प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचा गाभा भरायचा, त्याला फाउंड्रीत कोअर म्हणतात. बाहेरून त्याच मिश्रणाचा जाड साचा द्यायचा. मेण गेल्यावर आतला कोअर लटकत राहू नये म्हणून मेणातून आरपार लोखंडी खिळे ठोकलेले असतात. नवा रस्ता सिरॅमिक शेलचा. मेणाची मूर्ती सिलिकाच्या पातळ घोळात बुडवायची, वर बारीक वाळू शिंपडायची, थर सुकू द्यायचा, असे सात-आठ थर. पोकळीत घोळ आणि हवा शिरावी म्हणून मेणाच्या अंगाला चौकोनी खिडक्या कापतात आणि त्यांचे तुकडे वेगळे ओततात.

मग साचा उलटा ठेवून भट्टीत. मेण वितळून, जळून जातं. जाड प्लास्टरच्या साच्याला 600 अंश सेल्सिअसच्या वर, मोठ्या पुतळ्याला कित्येक दिवस लागतात. ओल राहिली तर वितळलेला धातू पडताक्षणी वाफ होते आणि धातू उलटा उसळतो. हा सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा क्षण. मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, भरताना हिशेब साधा ठेवतात, मेणाच्या वजनाच्या दहापट ब्राँझ. मेणाची मूर्ती रनर-रायझरसकट दीड किलो भरली तर पंधरा किलो धातू, वर थोडा जास्तीचा. ब्राँझ साधारण 1100 ते 1200 अंशांच्या दरम्यान ओततात.

थंड झाल्यावर साचा फोडायचा, दांड्या कापायच्या, खिळे उपसून भोकं बुजवायची, खिडक्यांचे तुकडे वेल्डिंगने बसवायचे, छिन्नी आणि ग्राइंडरने जोड मिटवायचे. याला फेटलिंग म्हणतात. ओतकाम काही मिनिटांचं, फेटलिंग आठवड्यांचं.

बिघडतं कुठे

सर्वांत नेहमीचा दोष ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेली छिद्रं. मूस जास्त तापवली किंवा धातू फार वेळ तापत ठेवला की ब्राँझ हायड्रोजन शोषून घेतो आणि गोठताना सोडतो. दुसरा दोष कोल्ड शट. पातळ भागात दोन बाजूंनी आलेले धातूचे प्रवाह भेटेपर्यंत थंड होतात आणि एकजीव होत नाहीत. किमेरात याची हमखास जागा म्हणजे सापाचं अंग आणि बोकडाची मान. तिसरा, कोअर सरकणं. खिळे कमी पडले की आतला गाभा एका बाजूला टेकतो, तिथे ब्राँझला भोक पडतं आणि समोरची बाजू दुप्पट जाड होते. चौथा, जाड पंजांत आकसण्यामुळे पडणारे खड्डे, रायझर अपुरा असला की.

हे दोष एट्रुस्कन कारागिरांनाही होते. ते दोषाच्या जागी छिन्नीने चौकोनी खाच करून त्यात ब्राँझचा तुकडा ठोकून बसवत. आज वेल्डिंग करतात. म्हणून भिंगाखाली चौकोनी ठिगळ दिसलं तर त्याच्या कडा पाहा. ठोकून बसवलेल्या तुकड्याभोवती बारीक फट असते. वेल्ड केलेल्याभोवती धातू एकजीव झालेला असतो आणि त्या पट्ट्याचा रंग पुढे थोडा वेगळा पडतो.

दोन टक्क्यांचा हिशेब

मेण थंड होताना आकसतं, ब्राँझ त्याहून जास्त. दोन्ही मिळून लांबीत दोन टक्क्यांच्या आसपास घट धरतात. 129 सेंटिमीटरच्या किमेरावरून थेट साचा घेतला तर नक्कल साधारण 126.4 सेंटिमीटर येते. त्या नकलेवर पुन्हा साचा घेतला तर 123.9. प्रत्येक पिढीत बारकावेही बोथट होतात, आयाळीच्या खाचा भरत जातात.

म्हणून पूर्ण आकाराच्या नकलेत पहिलं हत्यार भिंग नव्हे, कॅलिपर. डोळ्यांमधलं अंतर, पंजाची रुंदी, पायाची उंची अशी पाच-सहा मापं घ्या आणि मूळ पुतळ्याच्या प्रसिद्ध मापांशी ताडून पाहा. सगळीकडे सारखीच टक्केवारी कमी आली तर ती साच्यावरून काढलेली नक्कल. माप कुठे जास्त, कुठे कमी असेल तर कोणी डोळ्यांनी पाहून घडवलेली. एक पळवाट आहे. थ्री-डी स्कॅनवरून काम केलं तर आकसण्याएवढा आकार आधीच वाढवून ठेवता येतो. तशा नकलेला हा हिशेब लागू पडत नाही.

“पण हिरवी आहे, म्हणजे जुनी ना?”

नाही. ब्राँझवर चढणाऱ्या रंगीत थराला पटिना म्हणतात. तो दोन हजार वर्षांतही चढतो आणि एका दुपारीही. पुतळा गॅसच्या ज्योतीने तापवून त्यावर ब्रशने रसायन लावायचं. पोटॅशियम सल्फाइडने तपकिरी-काळा, फेरिक नायट्रेटने तांबूस, क्युप्रिक नायट्रेटने हिरवा. शेवटी गरम असतानाच मेणाचा हात. एकोणिसाव्या शतकात नेपल्समधल्या कियुरात्सीसारख्या फाउंड्रीज पाँपेई आणि हर्क्युलेनियमच्या पुतळ्यांच्या नकला कॅटलॉगवरून विकत आणि गिऱ्हाईक पटिना निवडे. पाँपेईचा हिरवा, हर्क्युलेनियमचा गडद, आणखी वेगळा हवा तर तोही.

फरक थरांच्या रचनेत आहे. जमिनीत पुरलेल्या ब्राँझवर धातूला लागून आधी लालसर क्युप्राइट बनतं आणि त्यावर हिरवं मॅलाकाइट. हा थर धातूत शिरलेला असतो. रसायनाचा हिरवा वर बसलेला असतो. तळाच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, सुईच्या टोकाने बारीकसं खरवडलं की हिरव्याखाली लगेच पिवळसर धातू चमकतो. मधला लाल थर सहसा नसतो. मात्र अस्सल वाटणाऱ्या वस्तूवर हे स्वतः करू नका, ते संग्रहालयाच्या संवर्धकाचं काम.

उलट अडचणही आहे. अस्सल पुतळ्यावर पटिना असेलच असं नाही. आरेत्सोत किमेराबरोबर छोट्या ब्राँझ मूर्ती सापडल्या, तेव्हा ड्यूक कोसिमो स्वतः छिन्नी घेऊन त्या साफ करत बसायचा, असं त्याच्या पदरी असलेल्या चेल्लिनी या सोनार-शिल्पकाराने लिहून ठेवलं आहे. आजचा कोणताही संवर्धक हे वाचून कपाळावर हात मारेल.

आणखी एक सावधगिरी. फिकट हिरवी, भुकटीसारखी ठिपकेदार वाढ दिसली तर तो सुंदर पटिना नव्हे. तो ‘ब्राँझचा आजार’. आत अडकलेलं क्लोराइड दमट हवेत धातू खात जातं. वस्तू कोरडी ठेवणं हा पहिला उपाय. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर विशेष.

“मग लॅबमध्ये तपासून मोकळं का होत नाही?”

काही गोष्टी लॅब चटकन सांगते. एट्रुस्कन ब्राँझमध्ये तांब्याबरोबर कथील असतं, अनेकदा शिसंही. जस्त जवळपास नसतं. आजच्या फाउंड्रीत सर्रास वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे 85 टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी 5. अमेरिकेत सिलिकॉन असलेला ब्राँझही वापरतात. एक्स-रे फ्लूरोसन्स यंत्र पुतळ्याला न कापता काही मिनिटांत हे दाखवतं. ‘इसवी सनापूर्वी चौथं शतक’ म्हणून सांगितलेल्या सिंहात 5 टक्के जस्त निघालं तर बोलणं संपलं. फक्त हे यंत्र पृष्ठभागच वाचतं. जुन्या ब्राँझच्या पृष्ठभागातून तांबं झिरपून जातं आणि कथील जास्त दिसतं. एका बिंदूवरच्या वाचनावर निकाल देऊ नये.

धातूचं वय मात्र थेट मोजता येत नाही. मोजतात ते आतल्या कोअरचं. त्यात राहिलेल्या सेंद्रिय कणांवर कार्बन चाचणी होते, भाजलेल्या मातीवर थर्मोल्युमिनेसन्स, म्हणजे माती शेवटची कधी तापली ते सांगणारी चाचणी. यातूनच रोमच्या लांडगीचा मोठा वाद उभा राहिला. 1997 ते 2000 च्या दुरुस्तीत संवर्धक आन्ना मारिया कार्रुबा यांना दिसलं की लांडगी एकसंध ओतलेली आहे. प्राचीन काळी मोठे ब्राँझ सहसा तुकड्यांत ओतून जोडत. 2006 मध्ये त्यांनी ती एट्रुस्कन नसून मध्ययुगीन असल्याचं मांडलं. सालेन्तो विद्यापीठाच्या कार्बन चाचण्यांनी अकरावं-बारावं शतक सुचवलं. सगळ्यांना हे मान्य नाही. ती एखाद्या एट्रुस्कन लांडगीवरून मध्ययुगात काढलेली नक्कल असावी, अशीही एक शक्यता मांडली जाते. तसं असेल तर बुखारेस्ट ते जॉर्जिया पसरलेले नमुने नकलेच्या नकला ठरतात. माझ्या मते एकसंध ओतकामाचा मुद्दा एकटा पुरेसा नाही, पण चाचण्यांसोबत ठेवला की वजनदार होतो.

घाईचा निकाल उलटाही जातो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 1967 मध्ये आपला प्राचीन ग्रीक ब्राँझ घोडा बनावट ठरवला. कारण अंगावर साच्याच्या जोडासारखी रेघ होती. नंतर कळलं की ती रेघ पुतळ्याचे प्लास्टर साचे घेताना राहिलेल्या मेणाची. 1972 मध्ये घोडा पुन्हा प्राचीन ठरला. आपल्याकडे 1974 मध्ये दायमाबादला सापडलेल्या रथ, हत्ती, गेंडा आणि रेड्याबद्दलही असाच वाद झाला. धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघाल्यावर पुरातत्त्व-संशोधक डी. पी. अग्रवाल यांनी या वस्तूंच्या काळावर शंका घेतली.

“नक्कल म्हणजे फसवणूकच की”

फसवणूक विकणाऱ्याच्या तोंडात असते, वस्तूत नाही. चांगली फाउंड्री शिक्का, क्रमांक आणि वर्ष तळाला टाकते. तो घासून काढलेला दिसला तर मात्र प्रश्न विचारा.

‘ब्राँझ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच वस्तू ब्राँझच्या नसतात. एकोणिसाव्या शतकात वीज वापरून साच्यावर तांब्याचा पातळ थर चढवत. ते इलेक्ट्रोटाइप आकारमानाने हलके लागतात आणि आत शिसं किंवा डाग देऊन (सोल्डरने) केलेले जोड दिसतात. जस्ताच्या स्वस्त ओतीव वस्तू तळाला खरवडल्या की रुपेरी दिसतात. रेझिनमध्ये ब्राँझची भुकटी मिसळलेल्या वस्तू हाताला कोमट लागतात आणि टिचकी मारली तर बद्द वाजतात. आत हात जात असेल तर बोटं फिरवा. मेणाचे ओघळ जसेच्या तसे धातूत उतरलेले लागले तर मेणओतीव. नटबोल्टचे आटे असलेले उंचवटे लागले तर आधुनिक बैठक.

इटलीत 2004 च्या वारसा संहितेनुसार मूळ शिल्पाला स्पर्श करून साचे घेण्यावर सर्वसाधारण बंदी आहे, अपवादानेच परवानगी मिळते. म्हणून आजचे नवे काम बहुतेक जुन्या साच्यांवरून किंवा स्कॅनवरून होतं. स्कॅनवर शेपटी वेगळी करून दुसऱ्या दिशेला वळवता येते, पण गिऱ्हाइकाला ओळखीचा साप हवा असतो आणि फाउंड्री तोच देते.

आणि घरात आजोबांनी युरोपातून आणलेली एखादी नेपल्सची जुनी नक्कल असेल, तर भारतातला 1972 चा पुरावस्तू कायदा वाचून ठेवा. शंभर वर्षांहून जुनं शिल्प म्हणजे पुरावस्तू अशी त्याची व्याख्या आहे. ती नक्कल आहे की मूळ, इटलीची आहे की इथली, हे ती विचारत नाही. 1890 चा किमेरा एट्रुस्कन नसला तरी खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, ते फक्त केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्थाच करू शकते. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर बाहेर पाठवण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अर्जासोबत सर्व बाजूंचे फोटो, मापं, वजन आणि तळाच्या शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो जोडा.